मापाचा कागद

कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकणं अवघड, कारण ती मुळात पाय बघून करायची वस्तू आहे. गिऱ्हाईक कारागिरासमोर बसतं, पाय पुढे करतं. कारागीर अंगठ्याची जाडी बघतो, पंजा पसरट आहे की निमुळता ते बघतो, टाचेपाशी बोट टेकवतो आणि "बुधवारी या" म्हणतो. त्या दोन-चार मिनिटांच्या बघण्यात जे ठरतं, त्याला वेबसाइटवर जागा नसते. तिथे जागा असते फक्त आकड्याला. सात, आठ, नऊ. गेली काही वर्षं मी त्या आकड्याच्या आणि त्या पायाच्या मधे उभी आहे.

मी स्वतः चप्पल करत नाही. कोल्हापुरात सुभाषनगरला, कागल तालुक्यात कापशीला आणि सीमेपलीकडे अथणीजवळ मदभावीला काही कुटुंबं चपला करतात. त्यांच्या मालाचे फोटो काढायचे, त्याबद्दल लिहायचं, ऑर्डर घ्यायची, बांधून पाठवायचं आणि पैसे वेळच्या वेळी पोचवायचे, हे माझं काम. मधल्या माणसाबद्दल आपल्याकडे फारसं चांगलं बोललं जात नाही, आणि हस्तकलेच्या धंद्यात तर त्याला कारणं आहेत. त्यामुळे मधल्या माणसाने नेमकं करायचं काय, हा प्रश्न मला सतत पडतो. मला पटलेलं उत्तर एकच आहे. त्याने सांगावं. वस्तूबद्दल जे खरं आहे ते सगळं, आधीच, आणि गिऱ्हाईक पळून जाईल या भीतीने काही न लपवता.

सुरुवात कातड्यापासून करावी लागते. अस्सल कोल्हापुरीचं कातडं झाडपाल्याने कमावलेलं असतं. चुन्यात भिजवून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवतात, त्यात बाभळीची साल आणि हिरडा घातलेलं पाणी भरतात आणि पिशवी टांगून ठेवतात. पाणी हळूहळू झिरपतं, खाली जमलेलं पुन्हा वर ओततात. असं आठवडे चालतं. ढोर समाजातली कुटुंबं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली, आणि चप्पल शिवण्याचं काम चर्मकार कुटुंबांकडे राहिलं. क्रोमच्या रसायनांनी हेच कातडं फार लवकर तयार होतं, मऊ होतं, रंगाला एकसारखं होतं. हिरड्या-बाभळीचं कातडं तसं होत नाही. ते सुरुवातीला कडक असतं, वापरता वापरता पायाचा आकार घेतं, आणि वर्षभरात त्याचा रंग दोन छटा गडद होतो. अंगठ्याच्या आणि टाचेच्या जागी खोल ठसा उमटतो. मग ती चप्पल दुसऱ्या कुणाच्या पायाला होत नाही.

हे कातडं मिळणंही आता पूर्वीसारखं सोपं नाही. 2015 साली राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. तळाला म्हशीचं जाड कातडं लागतं आणि त्यावर बंदी नाही, पण एकूण व्यवहारावरच भीतीची सावली पडली, नेणारा-आणणारा माणूस कचरू लागला आणि भाव चढले, असं कारागीर सांगतात. कमावण्याचं काम करणारी घरंही कमी होत चालली आहेत. त्या कामाला वास आहे, पाण्याचा प्रश्न आहे, आणि समाजाने त्या वासावरून माणसांची किंमत ठरवलेली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला आश्रय दिला, तेव्हा त्यामागे या माणसांच्या मानाचाही विचार होता. चपलेच्या किमतीबद्दल घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हा सगळा इतिहास सांगत बसत नाही, पण माझ्या मनातून तो जात नाही.

बाकीची कृती सांगायला कमी वेळ लागतो, करायला मात्र पुष्कळ. रापीने तळ कापायचा, ओलं कातडं ठोकून घट्ट करायचं, थर एकावर एक बसवायचे, आरीने भोकं पाडून कातड्याच्याच वादीने शिवायचं. खिळा नाही. मग दोन्ही बाजूंचे कान, अंगठा, पट्टा, आणि पट्ट्यावरची वेणी.

मोठ्या ऑनलाइन बाजारांची रचना अशा वस्तूसाठी झालेलीच नाही. तिथे मुख्य फोटोची पार्श्वभूमी पांढरीशुभ्र लागते, एका फोटोवर शंभर नग विकले जावेत अशी अपेक्षा असते, आणि फोटोतल्या वस्तूत व हातात पडलेल्या वस्तूत फरक दिसला की ती सदोष. आमच्याकडे एकाच कातड्यातून काढलेल्या दोन चपलांतही डावी जरा उजळ निघते. जनावराच्या अंगावर कधीकाळी काट्याने ओरखडा उमटलेला असतो, तो तळावर बारीक रेघेसारखा दिसतो. एका मोठ्या साइटवर अशा रेघेसाठी परत आलेले जोड मी बघितले आहेत. जोडात काहीही बिघडलेलं नव्हतं. घेणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

म्हणून आम्ही पद्धत बदलली. आता तयार जोड विकायचा असेल तर प्रत्येक जोडाचे वेगळे फोटो काढते. सकाळच्या उजेडात, घराच्या ओसरीत, रंग न सुधारता. तळाचा फोटो, कानाचा फोटो, रेघ असेल तर रेघेचा जवळून फोटो. खाली लिहिते की हाच जोड तुम्हाला येईल. एक छोटा व्हिडिओही घालते, कारण नव्या कोल्हापुरीची करकर ऐकायला आली की पुष्कळ लोकांचा निर्णय तिथेच होतो. हे सगळं करायला वेळ लागतो, आणि शंभर नगांच्या हिशेबाने बघितलं तर तो परवडत नाही. पण एका जोडाच्या हिशेबाने बघितलं तर परवडतो, कारण तो जोड परत येत नाही.

वर्णनात मी ज्या गोष्टी लिहिते, त्या वाचून सुरुवातीला कारागीरच घाबरले होते. नव्या चपलेला कातड्याचा वास येईल. पहिले काही दिवस अंगठ्यापाशी चावेल. पावसात घालू नका, चुकून भिजली तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. घालायला काढायच्या आदल्या रात्री आतून-बाहेरून तेल पाजा. सुभाषनगरच्या कारागीर मामांनी हे वाचून घेतलं आणि म्हणाले, "ताई, असं सांगिटल्यावर कोण घेतंय?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चप्पल चावते असं कुठलाही दुकानदार आधी सांगत नाही. पण दुकानात गिऱ्हाईक चप्पल घालून चार पावलं चालतं, कडकपणा त्याला तिथल्या तिथे कळतो, आणि मामा त्याला तोंडाने सांगतात की आठवड्यात मऊ होईल. ऑनलाइन घेणाऱ्याला ती चार पावलंही नाहीत आणि मामाही नाहीत. तिथे मामांचं बोलणं लिहून पोचवावं लागतं. आणि झालं असं की हे वाचून ज्यांनी घेतली, त्यांनीच पुढे फोटो पाठवले: सहा महिन्यांनी रंग कसा चढला, ठसा कसा उमटला. चावणाऱ्या चपलेबद्दलची तक्रार जवळजवळ थांबली, कारण ती आता अपेक्षित गोष्ट होती.

मापाचा प्रश्न मात्र नुसतं लिहून सुटला नाही. "ताई, आठ नंबर म्हंजे कुणाचा आठ नंबर?" हा मामांचा प्रश्न फार खोल आहे. आपल्याकडे बुटांवर जो इंग्लंडचा नंबर असतो, त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपच्या नंबरात तोच फरक दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पावणेसात मिलिमीटर. दोन्ही नंबर फक्त लांबी सांगतात. बुटाला नाडी असते, रुंदीतलं कमी-जास्त ती सांभाळून घेते. कोल्हापुरीला नाडी नाही, बक्कल नाही. पट्टा आणि अंगठा यांनीच पाय धरायचा. लांबी अचूक असून अंगठा जाड निघाला तर चप्पल पायात शिरत नाही, आणि पंजा सडपातळ असला तर चालताना निसटते. चप्पल परत येण्याची सगळ्यात मोठी कारणं हीच.

परत आलेली चप्पल कारागिराला काय भावात पडते, हे घेणाऱ्याला माहीत नसतं. कुरिअरवाले वजन दोन तऱ्हेने मोजतात: काट्यावरचं, आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायची. बुटाचं नेहमीचं खोकं 32 बाय 22 बाय 11 धरलं तर दीड किलोच्या वर जातं, आत चप्पल किलोभराचीही नसली तरी. जे जास्त, त्याचे पैसे. आम्ही चपला तळाला तळ लावून 30 बाय 20 बाय 8 च्या चपट्या खोक्यात बांधायला लागलो आणि हिशेबाचं वजन किलोच्या आत आलं. तरीही दिल्लीला जाऊन परत आलेला जोड दोन्ही वेळचं भाडं खातो. शिवाय तो घरात घालून बघितलेला असेल तर त्यावर ठसा उमटायला सुरुवात झालेली असते, आणि तो नवा म्हणून विकणं मला मान्य नाही. माल दारात आल्यावर पैसे देण्याची सोय मी बंद केली, त्याचं कारण हेच. ऑर्डर कमी झाल्या. पण दारातून परत येणारी पार्सलं त्याहून जास्त कमी झाली.

मापावरचा तोडगा मामांच्याच बोलण्यातून निघाला. पाय इथे येत नसेल तर पायाचा कागद तरी येऊ दे. साधा ए-फोर कागद कडक फरशीवर ठेवायचा, संध्याकाळी, कारण दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल अगदी उभी धरून पायाभोवती रेघ काढायला सांगायची. मग वरून फोटो काढायचा, कागदाच्या चारही कडा दिसतील असा. ए-फोर कागद जगात बहुतेक ठिकाणी 297 बाय 210 मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे फोटो लहान-मोठा आला तरी कडांवरून खरं माप काढता येतं. त्यासोबत मामांचे प्रश्न: कुठला पाय मोठा आहे, अंगठ्याचा घेर किती, कुरूप आहे का, चप्पल रोज घालणार की सणासुदीला.

मला वाटलं होतं, एवढा खटाटोप कोण करणार? लोक करतात. इतकंच नाही, त्यांना ते आवडतं. एका घरातून आईचा, बापाचा आणि मुलाचा असे तीन कागद एकत्र आले. मामा ते कागद ज्या तऱ्हेने वाचतात, ते बघणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग आहे. एकदा एका बाईंच्या पायाची रेघ बघून ते म्हणाले, "ह्यांचा डावा पाय जास्त दबतोय. दिवसभर हुभ्या असत्यात काय?" मी विचारलं. त्या शाळेत शिकवत होत्या. मामांनी डाव्या चपलेच्या टाचेला एक पातळ थर जास्त दिला. वेबसाइटवर या थरासाठी कुठलाही रकाना नाही. मी तो ऑर्डरच्या नोंदीत हाताने लिहिला, आणि बाईंना पाठवलेल्या चिठ्ठीतही.

कागद आल्यावर चप्पल करायची म्हणजे घेणाऱ्याला दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. यावर मात्र काही लोक रागावतात, आणि तो राग मी समजू शकते. सकाळी मागवलेली वस्तू संध्याकाळी दारात येण्याची सवय शहरांना लागली आहे. पण हाताच्या कामाचा वेळ कमी करायचा तर एकच रस्ता आहे: कुणाला तरी रात्री जागवायचं. दिवाळीच्या आधी घाईच्या ऑर्डरी येतात तेव्हा मी नाही म्हणते. नाही म्हणायला शिकणं या धंद्यात फार महत्त्वाचं आहे, आणि ते मधल्या माणसाने म्हणायला हवं. कारागिराला ते जड जातं, कारण समोर आलेलं काम परत पाठवायची ऐपत त्याच्याकडे नसते.

सरकारी नियमांचाही यात मोठा वाटा आहे. जीएसटी आल्यावर कुठल्याही मोठ्या ऑनलाइन बाजारावरून माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची होती. चार माणसांच्या घरासाठी महिन्या-महिन्याचे रिटर्न भरणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना यातून सूट मिळाली, पण ती फक्त राज्यातल्या राज्यात विकण्यापुरती. म्हणजे अशा बाजारावरून सुभाषनगरचा कारागीर नोंदणीशिवाय नागपूरला चप्पल पाठवू शकतो, पण बेळगावला नाही. मदभावीच्या माणसाला कोल्हापूर हे परराज्य. ज्या कलेला दोन राज्यांनी मिळून मान्यता मिळवली, तिच्या वाटेत हीच राज्यांची हद्द आडवी येते. दुसरीकडे, कराच्या दरात खरा दिलासा मिळाला. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी हजार रुपयांवरच्या चपलेला 18 टक्के जीएसटी लागायचा. चांगली हातची कोल्हापुरी हजारात बसत नाही, त्यामुळे यंत्राची स्वस्त चप्पल कमी करात आणि हातची जास्त करात, असा उलटा न्याय होता. आता अडीच हजारांपर्यंत 5 टक्के आहेत.

मान्यतेबद्दल. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं लिडकर यांच्या नावावर तो आहे. कायद्याने या आठ जिल्ह्यांबाहेरच्या चपलेला कोल्हापुरी म्हणता येत नाही. प्रत्यक्षात ऑनलाइन "कोल्हापुरी" असं शोधलं की पहिल्या पानभर रेक्झिनच्या, साच्यातून काढलेल्या चपला येतात. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच घडणीच्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं चामडी सँडल म्हटलं, तेव्हा देशभर संताप उसळला. कंपनीला प्रेरणा कुठली ते मान्य करावं लागलं, आणि डिसेंबरात दोन्ही महामंडळांशी करार करून इथल्या कारागिरांकडून सुमारे 2,000 जोड करून घेण्याचं जाहीर झालं. त्या संतापात मीही होते. पण नाव चोरण्याचं काम आपल्याच देशातल्या विक्रेत्यांकडून शोधाच्या पहिल्या पानावर रोज चाललेलं असतं, आणि त्याने कारागिराच्या पोटावर जेवढा पाय पडतो तेवढा मिलानने पडलेला नाही. साडेतीनशे रुपयांच्या "कोल्हापुरी"शेजारी खरी कोल्हापुरी महाग दिसते. तिथे किंमत कमी करून उपयोग नाही. बाभळीची साल, वादी, खिळा नसणं, हे सगळं पुन्हा नव्याने सांगावं लागतं. महाराष्ट्राच्या महामंडळाने जोडांवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे, त्यातून करणाऱ्याची माहिती कळते. हे चांगलं पाऊल आहे. ते प्रत्येक लहान घरापर्यंत पोचावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

परदेशातल्या मराठी माणसांचे कागदही येतात, न्यू जर्सीहून, टेक्सासहून. अमेरिकेचा कागद ए-फोर नसतो, थोडा आखूड आणि रुंद असतो, ते आता मामाही फोटो बघून ओळखतात. ऑगस्ट 2025 च्या शेवटी अमेरिकेने 800 डॉलरच्या आतल्या पार्सलांची करमाफी बंद केली आणि त्याच दिवसांत भारतीय मालावरचा आयातकर 50 टक्क्यांवर नेला. आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सलं घेणंच थांबवावं लागलं, ते ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झालं. गणपतीसाठी मागवलेले जोड त्या काळात आमच्या कपाटात पडून होते. त्या कपाटाकडे बघताना एक गोष्ट मनात पक्की झाली: लांबच्या गिऱ्हाइकाचा आनंद कितीही मोठा असला तरी घर चालायला हवं ते पुणे, सांगली, सोलापूर, मुंबईच्या पायांवर.

सगळ्यात उशिरा मी ज्या गोष्टीकडे वळले ती वेणीची. पट्ट्यावरची वेणी आणि बारीक नक्षी बहुतेक घरांत बायका घालतात. चप्पल "अमक्याची" म्हणून ओळखली जाते, पैसे अमक्याच्या खात्यात जातात, आणि फोटोत मी ज्या गोष्टीवर कॅमेरा सगळ्यात जवळ नेते ती वेणी मात्र बिननावाची राहते. कापशीकडच्या एका घरात मी वहिनींना विचारलं की चिठ्ठीवर तुमचं नाव घालू का. "माझं कशाला? केलीया त्यांनी," असं म्हणून त्या कामाला लागल्या. घरात बोलणं झालं, थोडी कुरबूर झाली, शेवटी दोन्ही नावं घालायचं ठरलं आणि वेणीची मजुरी वेगळी धरून त्यांच्या खात्यावर जायला लागली. काही महिन्यांनी सोलापूरहून एकीचा निरोप आला, आधीच्या जोडाची वेणी ज्यांनी घातली त्यांच्याच हातची हवी. तो निरोप मी वहिनींना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

त्यानंतर वहिनी माझ्याशी भावाबद्दल स्वतः बोलू लागल्या. बारीक वेणीला साध्या वेणीपेक्षा जास्त वेळ जातो, डोळे दुखतात, तर तिचा दर वेगळा पाहिजे. मी किंमत वाढवली आणि का वाढवली ते लिहिलं. यंदा त्यांनी आणखी एक अट घातली. पावसाळ्यात वादी नीट वाळत नाही, वेणी सैल पडते, तेव्हा त्या दिवसांत बारीक वेणीचं काम घेणार नाही. जून ते सप्टेंबर हे ऑनलाइन बाजारात सणांच्या आधीचे, मागणी वाढायचे दिवस. तरीही त्या चपलेच्या पानावर आता लिहिलेलं आहे की या चार महिन्यांत ती मिळणार नाही, आणि त्याखाली, वहिनींनी सांगितलं तसंच, वादी ओली राहते म्हणून.